लिहायला पाच, ऐकायला तीन: फ्रेंच क्रियापदं कानाने वाचताना

वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला तो आवडतो. फळ्यावर 'बोलणे' या अर्थाचं फ्रेंच क्रियापद असतं, पार्ले. वर्तमानकाळाच्या सहा ओळी: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. मुलं आळीपाळीने एकेक ओळ वाचतात. यंदा शेवटची ओळ, म्हणजे 'ते बोलतात', अकरावीतल्या एका मुलीच्या वाट्याला आली. स्पेलिंग होतं पी, ए, आर, एल, ई, एन, टी. तिने वाचलं, "इल पार्लाँ."

"शेवटचं एन-टी म्हणायचं नाही," मी म्हटलं.

"इल पार्ले."

"ई पण नाही."

ती थांबली. "मॅडम, मग उरलं काय? नुसतं पार्ल्? ते तर 'तो बोलतो' झालं."

"बरोबर. दोन्ही अगदी सारखंच ऐकू येतं."

"मग ती तीन अक्षरं लिहायचीच कशाला?"

उत्तर देण्याआधी मी फळ्यावर मराठीत 'बोलतात' लिहिलं आणि म्हटलं, हे म्हण आणि म्हणताना टाळ्या वाज. तिने दोन टाळ्या वाजवल्या. बोल्-तात्. लिहिलेली अक्षरं चार: बो, ल, ता, त. 'ल'मधला अ गेला, शेवटच्या 'त'मधला अ गेला, आणि ते गेले हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण ते तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. फ्रेंच क्रियापदांचा उच्चार समजायला लागणारी निम्मी जाण मराठी माणसाच्या कानात आधीपासून असते. ती फक्त डोळ्यांच्या धाकात दबलेली असते.

एका टाळीत जेवढं बोललं जातं, त्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. भाषाशास्त्रात आपल्याकडे 'अक्षर' म्हणतात, पण अक्षर म्हटलं की कागदावरचं अक्षर डोळ्यांपुढे येतं आणि घोळ होतो. म्हणून इथे मी त्याला ठोका म्हणते. लिहून दाखवण्याचीही थोडी सोय करून घेते. पाय मोडलेलं व्यंजन म्हणजे मागे स्वर नाही. चंद्रबिंदू म्हणजे नाकातला स्वर, न किंवा म नव्हे. 'ए' म्हणजे 'एक'मधला ए आणि 'ॲ' म्हणजे त्याहून थोडा उघडा स्वर, आपल्या 'बॅट'इतका पसरट नसलेला. देवनागरीत फ्रेंचचा रंग पुरता उतरत नाही, पण ठोके मोजायला एवढं पुरतं.

फ्रेंचमध्ये ठोका पाडायची सवय सरळ आहे. जमेल तिथे ठोका स्वरावर संपवायचा आणि व्यंजन पुढच्या ठोक्याला द्यायचं. दोन व्यंजनं एकत्र आली तर एक इकडे, एक तिकडे: पार्-ले. पण त्यातलं दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि पहिलं त, द, प, ब, क, ग, फ, व असं असेल, तर जोडी फुटत नाही, ती अखंड पुढे जाते. 'दाखवणे' म्हणजे मोँ-त्रे. आपण 'पत्री' म्हणताना पत्-त्री अशी अडखळ घेतो, व्यंजनावर आघात देतो. फ्रेंच माणूस ते पा-त्री असं तोडेल. मराठी विद्यार्थ्याचं फ्रेंच जड वाटतं याचं मोठं कारण हेच, की आपण जोडाक्षरावर उभे राहतो आणि ते त्यावरून घसरत पुढे जातात.

आता फळ्यावरच्या सहा ओळी. लिहायला पाच वेगवेगळी रूपं आहेत, 'मी' आणि 'तो' यांचं तेवढं एकसारखं. ऐकायला तीनच: मी, तू, तो, ते या चौघांचं पार्ल्, आम्हीचं पार्-लोँ, तुम्हीचं पार्-ले. रोजच्या बोलण्यात तर 'आम्ही'च्या जागी 'ओँ' हे सर्वनाम येतं आणि त्याचं रूप 'तो'सारखंच असतं. म्हणजे घरात, रस्त्यात दोनच उच्चारांवर भागतं. पाठ करताना सहा ओळींचं जे ओझं वाटतं ते सगळं कागदाचं आहे.

पण 'ती तीन अक्षरं कशाला' हे राहिलंच. 'पार्ले'मध्ये त्यांचा उपयोग दिसत नाही, कारण ल तसाही ऐकू येतो. दुसरं क्रियापद घेतलं की दिसतो. 'विकणे' घ्या. 'तो विकतो' लिहिताना व्ही, ई, एन, डी, उच्चार वाँ. शेवटचा डी गप्प. 'ते विकतात' लिहिताना त्याच चार अक्षरांपुढे ई-एन-टी, उच्चार वाँद्. ई-एन-टी स्वतः मुकंच राहिलं, पण त्याने द बोलता केला. 'संपवणे': तो फिनी, ते फिनिस्. 'झोपणे': तो दॉर्, ते दॉर्म्. शब्दाच्या टोकाला उघडं पडलेलं व्यंजन फ्रेंचमध्ये बहुतेकदा गप्प होतं. त्याच्यामागे ई असला की ते वाचतं. म्हणजे हा मुका ई स्वतः बोलत नाही, शेजाऱ्याला बोलायला लावतो. मग अनेकवचनाची खूण कुठे शोधायची? शेवटच्या अक्षरांत नव्हे, त्यांच्या अलीकडच्या व्यंजनात. हे एकदा कानाला कळलं की कितीतरी अनियमित म्हणवणारी क्रियापदं एकदम शहाण्यासारखी वागू लागतात.

नाकातले स्वरही याच हिशेबात बसतात. फ्रेंचमध्ये न किंवा म ठोक्याच्या शेवटी अडकला तर तो विरघळतो आणि आधीच्या स्वराला नाकात ढकलतो. तोच न पुढच्या ठोक्याच्या तोंडाशी आला तर साधा, स्वच्छ न राहतो. 'घेणे' या क्रियापदात तिन्ही अवस्था एका जागी दिसतात. 'तो घेतो', प्राँ: न ठोक्याच्या शेवटी, म्हणून विरघळला. 'आम्ही घेतो', प्र-नोँ: न दुसऱ्या ठोक्याचा पहिला, म्हणून शाबूत. 'ते घेतात', प्रॅन्: इथे ठोका एकच, तरी न शाबूत, कारण एके काळी त्याच्यामागचा ई बोलला जायचा आणि न पुढच्या ठोक्यात होता. ई गेला, त्याने राखलेला न राहिला. 'येणे' तसंच: व्यँ, व-नोँ, व्यॅन्. मुलं ही तीन-तीन रूपं घोकतात. मी त्यांना विचारते, न कुठे बसलाय? तेवढं सांगता आलं की रूप आपोआप येतं.

आता ज्या भागासाठी मला हे सगळं सांगावंसं वाटलं तो.

मराठीत 'समज' म्हणा. स-मज्. दुसऱ्या ठोक्यात अ स्पष्ट आहे. आता 'समजा' म्हणा. सम्-जा. तोच अ नाहीसा झाला. 'पसर' आणि 'पसरा', 'उघड' आणि 'उघडा', सगळीकडे हेच. शेवटी आ आला, बोलण्याचा भार तिकडे सरकला आणि मधला अ हलका होऊन गळाला. लिहिताना आपण तो तसाच ठेवतो, 'म'चा पाय मोडत नाही.

आता फ्रेंचमधलं 'हाक मारणे' घ्या, आ-प्ले. 'मी हाक मारतो' म्हणजे आ-पॅल्. 'आम्ही हाक मारतो' म्हणजे आ-प्लोँ. पॅल्-मधला स्वर दुसऱ्या रूपात गळाला, 'समज'मधला अ 'समजा'मध्ये गळतो तसाच. 'विकत घेणे': आ-शॅत्, पण आश्-तोँ. 'उचलणे': लॅव्, पण ल-वोँ. फ्रेंचमध्ये बोलण्याचा भार नेहमी शेवटच्या बोलक्या स्वरावर पडतो. 'मी'च्या रूपात तो स्वर धातूतला असतो, म्हणून तिथे तो भरघोस ॲ होतो. 'आम्ही'च्या रूपात भार प्रत्ययातल्या ओँवर जातो, म्हणून धातूतला स्वर विटून अ होतो, नाहीतर पुरता जातो.

यात एक पक्का नियम दडलेला आहे. शेवटचा बोलका ठोका व्यंजनाने बंद होत असेल आणि त्यातला स्वर ए-कुळातला असेल, तर तो उघडा ॲ असतो. बंद ठोक्यात बंद ए राहत नाही. 'जास्त आवडणे' या क्रियापदाचं 'आम्ही' रूप प्रे-फे-रोँ, ठोका उघडा, म्हणून ए. 'मी' रूप प्रे-फॅर्, ठोका र-ने बंद, म्हणून ॲ. लिहिताना पहिल्यात ई-वर उजवीकडे झुकलेली रेघ येते, दुसऱ्यात डावीकडे झुकलेली. मुलं या रेघा उलटसुलट करतात आणि गुण घालवतात. पण रेघ पाठ करायची गोष्टच नाही. टाळी वाजवा, शेवटी व्यंजनावर तोंड मिटलं का बघा, रेघ कुठे झुकायची ते तोंड सांगतं. उघडा ॲ दाखवायला लिपीकडे दोन युक्त्या आहेत: 'विकत घेणे'मध्ये रेघ दिली जाते, 'हाक मारणे'मध्ये त्याऐवजी एल दोनदा लिहितात. दोन एल म्हणजे जोरकस ल्ल नव्हे. उच्चार एकाच ल-चा. मराठी मुलं तिथे 'आपल्ल' म्हणतात, कारण आपल्याकडे द्वित्त लिहिलं की बोललंही जातं. फ्रेंचमध्ये ते अलीकडच्या स्वराविषयीची सूचना असते.

हा भाराचा खेळ फार जुना आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'प्रेम करणे' याचे दोन धातू दिसतात: भार धातूवर असेल तिथे ए-आय-एम, भार प्रत्ययावर असेल तिथे नुसता ए-एम. पुढे लोकांनी सगळीकडे एकच करून टाकलं. 'प्रियकर' या अर्थाच्या आमाँ शब्दात तो दुसरा धातू अजून जिवंत आहे. काही क्रियापदांनी मात्र दोन्ही धातू आजवर सोडलेले नाहीत. 'लागणे, कर्तव्य असणे' याचं द्वा आणि द-वोँ, 'पिणे' याचं ब्वा आणि ब्यु-वोँ, वरचं व्यँ आणि व-नोँ. तक्त्यात मी, तू, तो आणि ते यांना एका रेषेत गुंफलं तर बुटाचा आकार तयार होतो, आणि शिक्षक तोच बूट काढून ही क्रियापदं शिकवतात. बुटाच्या आत भार धातूवर, बाहेर प्रत्ययावर. त्या आकाराचं रहस्य एवढंच.

मधला अ कधी गळतो आणि कधी नाही, हे भविष्यकाळात जास्त चांगलं कळतं. 'देणे' याचं 'मी देईन': लिहिलेले ठोके तीन, दॉ-न-रे. रोजच्या बोलण्यात दोन: दॉन्-रे. 'मी बोलेन': लिहिलेले ठोके तीन, पार्-ल-रे, आणि बोलतानाही तीनच. इथे अ गळत नाही. का? गळला तर र, ल, र अशी तीन व्यंजनं एका ओळीत अडकतील. मोरिस ग्रामाँ या फ्रेंच ध्वनिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे नियम म्हणून मांडलं. तीन व्यंजनांचा नियम या नावाने ते ओळखलं जातं. त्याला अपवाद बरेच आहेत, पण क्रियापदांपुरता तो चांगला साथ देतो.

हेही आपल्याकडे आहे. 'ओरड' वरून 'ओरडा', उच्चार ओर्-डा, अ गळाला. 'शिंपड' वरून 'शिंपडा', तिथे मात्र शिम्-प-डा, अ राहिला. म्, प्, ड् एकावर एक येऊ नयेत म्हणून जीभ स्वतःच तो धरून ठेवते. ग्रामाँचा नियम ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा 'शिंपडा' आठवलं होतं. त्या दिवसापासून मी फ्रेंचमधला अ मोजत बसत नाही, मराठीत जसा सोडते तसा सोडते, आणि बहुतेकदा तो बरोबर पडतो.

एका जागी मात्र मराठी कान चकतो. 'आम्ही हाक मारतो' हे आ-प्लोँ, दोन ठोके. त्याचाच अपूर्ण भूतकाळ, 'आम्ही हाक मारायचो', लिहिताना फक्त एक आय वाढतो. पण उच्चार होतो आ-प-ल्योँ, तीन ठोके. गळालेला अ परत आला. ल किंवा र यांच्यामागे लगेच य आला की फ्रेंच जीभ अलीकडचा अ सोडत नाही. 'आम्ही देऊ, दिलं असतं' अशा सशर्त अर्थाच्या रूपातही तेच: दॉ-न-र्योँ, दॉन्-र्योँ नव्हे. 'तुम्हाला हवं असेल का' असं आदबीने विचारताना येणारं व्हु-द्री-ये हे रूपही याच अडचणीतून आलंय. 'पार्ले'च्या भूतकाळात पार्-ल्योँ असा य सरळ चिकटतो. पण द्र-नंतर तो चिकटत नाही, आयला 'ईश'मधल्या ई-सारखा स्वतंत्र स्वर म्हणून उभं राहावं लागतं. म्हणून दोन नाही, तीन ठोके.

आता त्या ई-एन-टीकडे परत. ते सगळीकडे मुकं असतं असा गैरसमज नको. ते मुकं असतं क्रियापदाच्या 'ते' रूपात. नामात आणि विशेषणात त्याच तीन अक्षरांचा आँ होतो. फ्रेंच शाळांत यासाठी एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं: ले पूल द्यू कुवाँ कूव्. मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. 'मठ' आणि 'उबवतात' यांचं स्पेलिंग अक्षरशः एक, शेजारी शेजारी लिहिलेलं. पहिलं नाम, कुवाँ, दोन ठोके. दुसरं क्रियापद, कूव्, एक ठोका. 'अध्यक्ष' आणि 'ते अध्यक्षस्थानी बसतात' यांचीही हीच गत: प्रे-झि-दाँ आणि प्रे-झिद्. म्हणजे फ्रेंच वाचणाऱ्याला शब्द उच्चारण्याआधी वाक्यात त्याचं काम काय हे कळलेलं असावं लागतं. परक्या भाषेचा विद्यार्थी मोठ्याने वाचताना अडखळतो तेव्हा बहुतेकदा त्याला उच्चार येत नसतो असं नाही, वाक्य अजून समजलेलं नसतं.

अपूर्ण भूतकाळातलं 'ते बोलायचे' घ्या. स्पेलिंगच्या शेवटी ए, आय, ई, एन, टी अशी पाच अक्षरं, आणि त्या पाचांचा मिळून एकच स्वर: पार्-लॅ. मी, तू, तो आणि ते, चौघांचं पार्-लॅच. लिहायला तीन तऱ्हा. पूर्वी इथे ए-आयच्या जागी ओ-आय लिहायचे. उच्चार कधीच ॲ झाला होता, तरी लिहिणं जुनंच चालू होतं. अठराव्या शतकात वोल्तेर या लेखकाने ए-आयचा आग्रह धरला आणि फ्रेंच भाषेचा अधिकृत कोश काढणाऱ्या फ्रेंच अकादमीने तो मान्य केला तो थेट १८३५ साली, आपल्या कोशाच्या सहाव्या आवृत्तीत. 'फ्राँसॅ', म्हणजे फ्रेंच, हा शब्दही त्याच वेळी ए-आयने लिहिला जाऊ लागला. फ्राँस्वा या माणसाच्या नावात मात्र ओ-आय तसंच राहिलं.

अलीकडची मोठी दुरुस्ती ६ डिसेंबर १९९० रोजी फ्रान्सच्या सरकारी राजपत्रात छापली गेली. तिच्यात क्रियापदांसाठी जे सुचवलं ते ठोक्यांच्याच तर्काने. 'हार मानणे' याचं 'मी हार मानेन' हे रूप सॅद्-रे असं दोन ठोक्यांत बोललं जातं. मधला अ गेल्यामुळे पहिला ठोका द-ने बंद होतो, म्हणून स्वर उघडतो. तरी रेघ बंद ए-ची लिहायची पद्धत होती. १९९० पासून उघड्या ॲ-ची रेघ चालते. 'चमचमणे', 'ओघळणे' अशा क्रियापदांतही दोन एलऐवजी एक एल आणि रेघ चालते. 'हाक मारणे' आणि 'फेकणे' ही दोन रोजची क्रियापदं आणि त्यांचा गोतावळा मात्र जुन्या वळणावर सोडला, कारण ती रूपं लोकांच्या हाडीमाशी खिळली होती. जुनं लेखनही चुकीचं ठरवलेलं नाही. आजही तुम्हाला दोन्ही तऱ्हा छापलेल्या दिसतील.

आपण हे अनुभवलेलं आहे. एके काळी मराठीत 'नाहीं', 'कांहीं', 'आंत' असे अनुस्वार लिहायचे, उच्चारात ते नव्हतेच. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली मांडलेल्या नियमांनी असे न बोलले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ज्यांचा हात जुन्या वळणावर बसला होता त्यांना ते जड गेलं. फ्रेंच लोक आपल्या मुक्या अक्षरांना का धरून बसतात हे मला म्हणूनच समजतं. पण एक फरक आहे. आपले ते अनुस्वार काढल्याने अर्थ फारसा अडला नाही. फ्रेंचमधली मुकी अक्षरं काढली तर 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' कागदावरही एक होतील. सर्वनाम नसेल, कर्ता नाम असेल आणि दूर असेल, तर ते ई-एन-टीच वाचणाऱ्याला हात देतं.

ऐकणाऱ्याला मात्र कधीकधी एकाच ध्वनीवर भिस्त ठेवावी लागते. 'तो प्रेम करतो' म्हणजे इल आणि ॲम्, पण म्हणताना इ-लॅम्: सर्वनामातला ल उडी मारून क्रियापदाच्या ठोक्यात जातो. 'ते प्रेम करतात' म्हणजे इल्-झॅम्. अनेकवचनाच्या सर्वनामातलं एरवी मुकं असलेलं एस स्वर पुढे दिसताच जागं होतं, झ बनतं आणि पुढच्या ठोक्याचं तोंड धरतं. हा झ 'माझा'मधला. एकवचन-अनेकवचनाचा सगळा फरक त्या एका झ-वर. 'त्यांच्याकडे आहे' इल्-झोँ आणि 'ते आहेत' इल्-सोँ यांत तर फरक फक्त झ आणि स यांचा. मराठी मुलं इथे हमखास चुकतात, कारण आपण शब्द सुटे सुटे म्हणतो. 'जगत्' आणि 'ईश' मिळून 'जगदीश' होताना त-चा द झाला आणि तो ई-ला जाऊन चिकटला, हे संस्कृतच्या तासाला शिकलेलं असतं. फ्रेंच माणूस तसलं काहीतरी दिवसभर, प्रत्येक वाक्यात करत असतो.

प्रश्न विचारताना आणखी एक गंमत होते. 'तो प्रेम करतो का' याचं ॲम्-तिल्. हा त कुठून आला? क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये तो नाही, दोन आडव्या रेघांच्या मधे सुटा लिहितात. लॅटिनमध्ये 'तो'च्या रूपाच्या शेवटी टी होताच. जुन्या फ्रेंचमध्ये तो झिजून गेला. पण 'तो आहे का', 'तो घेतो का' अशा दुसऱ्या क्रियापदांच्या प्रश्नांत त ऐकू येत राहिला, ॲ-तिल्, प्राँ-तिल्, आणि त्यांच्या देखादेखी इथेही परतला. 'घेणे'चं स्पेलिंग डी-ने संपतं, तरी जोडताना उच्चार त-चाच, हेही ध्यानात असू द्या.

अपवाद म्हणून एकच रूप सांगते, कारण ते रोज लागतं. 'करणे' याचं 'तुम्ही' रूप फॅत्, एका ठोक्याचं. 'आम्ही' रूपात तेच ए-आय लिहितात, पण उच्चार फॅ-झोँ नाही, फ-झोँ. भार पुढे गेला म्हणून स्वर विटून अ झाला, पण लिहिणं बदललंच नाही. नियम मोडला असं वाटतं. खरं तर उच्चाराने नियम पाळला, लेखनाने नाही.

राहिला प्रश्न, की मुका ई खरोखरच मेला आहे का. मार्सेय किंवा तुलूझकडच्या माणसाशी बोलला असाल तर तुम्हाला माहीत असेल, की दक्षिण फ्रान्समध्ये तो अजून बोलतो. तिथे 'तो बोलतो' हे पार्-ल असं दोन ठोक्यांत ऐकू येतं, आणि 'ते बोलतात'सुद्धा. पॅरिसकडे घडवलेल्या पाठ्यपुस्तकी कानाला ते वेगळं लागतं, पण ते जुनं आहे, चुकीचं नाही.

आणि तो जिवंत आहे छंदात. आपल्याला हे समजवायला तुकोबांचा एक चरण पुरतो. 'सुंदर ते ध्यान' हे बोलताना चार ठोके: सुं, दर्, ते, ध्यान्. अभंगाच्या मोजणीत मात्र सहा अक्षरं: सुं, द, र, ते, ध्या, न. पुढचा चरण सहाचा, त्याच्या पुढचा सहाचा, 'ठेवोनिया' चारचा. बोलण्यात गेलेला अ इथे मोजला जातो आणि गाताना ऐकूही येतो. फ्रेंच नाटककार रासीन याच्या १६६७ सालच्या 'आँद्रोमाक' नाटकाच्या शेवटी ओरेस्त वेडाच्या भरात विचारतो, कुणासाठी हे साप तुमच्या मस्तकांवर फुत्कारताहेत? ती ओळ बारा ठोक्यांची: पुर, की, सोँ, से, सॅर, पाँ, की, सी, फ्ल, स्युर, व्हो, तॅत्. एका ओळीत एन आणि टी ही अक्षरं ई-ला जोडून दोनदा येतात. 'साप' या नामात ती ई-शी मिळून पाँ झाली, नाकातली. 'फुत्कारताहेत' या क्रियापदात ती गप्प आहेत, पण त्यांच्या अलीकडचा ई उठून बसला आहे: बोलताना सिफ्ल् हा एक ठोका, इथे सी-फ्ल असे दोन. तो धरला नाही तर ओळ अकरावर येते आणि लंगडते. ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दातला ई मात्र तिथेही मोजत नाहीत.

अकरावीतल्या त्या मुलीला मी ही ओळ वहीत लिहून दिली आणि ठोके पाडायला सांगितले. पहिल्या खेपेला तिचे अकरा आले. तिने पेन्सिलने सगळे पुसले, पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि सिफ्ल्पाशी येऊन दुसरी टाळी वाजवली.